अंगठ्यावरचा आकडा

कोपऱ्यातल्या खोलीत पंखा बंद आहे.
एप्रिल आहे, सोलापूर आहे, रात्रीचे पावणेदोन,
भिंतीला हात लावावा तर तवा.
पण हत्तुरे डॉक्टरांनी बजावलंय:
गारठ्याने रक्तवाहिन्या अंग चोरतात,
खोली उबदार राहू द्या, सिस्टर.
उबदार म्हणे.

अंबादास बिंगी, वय एकोणचाळीस, राहणार नीलम नगर.
उजवा अंगठा परवा मागाने घेतला.
शेजाऱ्याने तो बर्फाच्या डब्यातून आणला, स्कूटरवरून,
आणि नऊ तास भिंगाखाली
केसाहून बारीक दोऱ्याने परत जागेवर शिवला गेला.
आता त्याच्या टोकाला चिकटपट्टी,
पट्टीत लाल उजेडाचा एक दाणा,
दाण्यातून निघालेली वायर माझ्या खुर्चीपर्यंत.
पडद्यावर ६३.

बोटाला लावतात ती नेहमीची क्लिप
टाकीत पाणी किती आहे ते सांगते.
हे यंत्र सांगतं,
गल्लीतल्या शेवटच्या घरी नळ आला का.
चार दिवसांआड पाणी भरणाऱ्या गावाला
हा फरक समजावावा लागत नाही.

नागमणी दाराबाहेर बसते.
तिच्या हातांना तंबाखूचा वास, रोजच्या हजार विड्या.
"तीनदा साबण लावला, सिस्टर.
कातडीतच गेलाय तो."
लांबूनच आकडा वाचते.
"त्रेसष्ट. पस्तीसला पास ना?"
मी हो म्हणते. तसं ते फार चूकही नाही.

अंबादासला झोप नाही.
हे काय लावलंय, म्हणून विचारलं. सांगितलं.
"म्हणजे पत्री," तो म्हणाला.
"ताण्याच्या एकेका धाग्यावर पत्री लटकते.
धागा तुटला की ती पडते, माग जागीच थांबतो.
नाहीतर वीतभर चादर वाया, आणि पगारातून कट."
थोड्या वेळाने, छताकडे बघत:
"आमच्या शेठने काढून टाकल्या पत्र्या.
माग सारखा बंद पडतो म्हणून."

दोन चाळीस. ५४.
मी उठले. अंगठा गुलाबी.
नख दाबलं, सोडलं, रंग परत आला.
डोळे म्हणाले, ठीक आहे.
४९.
पट्टी सैल असेल. मागच्या आठवड्यात सैलच होती,
डॉक्टर धावत आले, काही बोलले नाहीत,
फक्त चष्मा पुसत राहिले,
ते बोलण्यापेक्षा वाईट.
पट्टी दाबून बसवली.
४६.
अलार्म वाजला. तो बंद करायचं बटण
माझ्या अंगठ्याखाली, गुळगुळीत झालेलं.
पुन्हा नख दाबलं. रंग आला,
जरा जास्तच लवकर आला का?
अंबादास माझ्याकडे बघत होता.
काही विचारलं नाही त्याने.

मी फोन लावला.

शिरेत तिळाएवढी गुठळी.
रक्त आत जात होतं, परत येत नव्हतं;
घर माणसांनी भरलेलं
आणि दाराला बाहेरून कडी.
"अजून तासाभराने निळा पडला असता," हत्तुरे म्हणाले,
"तेव्हा तुम्हालाही दिसलं असतं."
मनगटाजवळून शिरेचा तुकडा काढून जोडला.
आणि ते चष्मा न पुसताच चहाला गेले.

साडेसहाला त्याला परत आणलं.
३८.
खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली.
४१. पुन्हा ४०.
वहीत लिहिलं, खोडलं, लिहिलं.
सातला दुसरी सिस्टर आली, मी खुर्ची सोडली नाही.
५२.
याला बरा झाला म्हणत नाहीत. अजून तीन रात्री आहेत,
पहिल्या रात्री मी शपथ घेत नाही.

"किती?" दारातून.
"बावन्न."
नागमणीने मान हलवली, हसली नाही.
हजार पानं दुमडून तपकिरी झालेला
आपला उजवा अंगठा
तिने डाव्या मुठीत धरला,
आणि धरूनच बसली.